लाल फेल्ट, काळी घोंगडी : भाचीच्या खेळण्यांच्या नोंदी

११ ऑगस्ट २०२४, सातारा

कामाला सुरुवात करतेय. भाची चार वर्षांची. सेरेब्रल पाल्सी आहे. मुठी आवळलेल्या असतात, त्यातल्या त्यात डावा हात जरा मोकळा. जोडीला सीव्हीआय, मेंदूमुळे येणारा दृष्टिदोष. म्हणजे बुबुळ चांगलं, पडदा चांगला, पण डोळ्यांनी टिपलेलं मेंदूत जिथे उमगायचं, तिथे जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडून इजा झालेली. तपासणीच्या कागदावर ‘डोळे नॉर्मल’ आलं की घरातल्यांना प्रश्न पडतो, मग ही बघत का नाही? ती बघते. फक्त तिच्या बघण्याला अटी आहेत, आणि त्या अटी समजून घेतल्याशिवाय कात्री हातात घ्यायची नाही, असं मी ठरवलंय.

थेरपीच्या मॅडमनी त्या लिहून दिल्या. अमेरिकेतल्या क्रिस्टीन रोमन-लँट्झी यांनी अशा मुलांच्या बघण्याची दहा लक्षणं मांडली आहेत, त्यांवरून हिला लागू पडतात ती. ठळक, एकच रंग हवा, हिचा लाल. वस्तू थोडी हलली तर लक्ष जातं. मागे नक्षी, गर्दी नको. एका वेळी एकच वस्तू. उजवीकडून दाखवायची, खालच्या बाजूचं तिला कमी दिसतं. ओळखीची वस्तू दिसते, नवी कोरी वस्तू समोर असूनही दिसत नाही. आणि वेळ द्यायचा, आपल्याला जड जाईल इतका वेळ.

बहिणीच्या घरी फडताळभर खेळणी आहेत. नातेवाइकांनी प्रेमाने आणलेली, सात रंगांची, दिवे लागणारी, गाणी म्हणणारी. पोरीला त्यात काहीच वेगळं काढता येत नाही. तेव्हा मी खेळणी मोजकीच करणार. एकेक तिच्या हाताच्या मापाने. दिसायला गोजिरवाणी व्हावीत म्हणून त्यात काहीही वाढवणार नाही.

फेल्टच का, तेही लिहून ठेवते. याला ताणा-बाणा नसतो, तंतू एकमेकांत दाबून गुंतवलेले असतात. त्यामुळे कुठेही कापा, धागे सुटत नाहीत, कड दुमडावी लागत नाही. मशीन नसलं तरी हाताने काम होतं. आणि मुख्य म्हणजे फेल्टला चकाकी नाही. प्लास्टिकच्या लाल चेंडूवर ट्यूबलाइटचा पांढरा ठिपका पडतो, तेवढ्याने तो तिच्यासाठी दोन रंगांचा होतो. फेल्टचा लाल सगळीकडून लालच.

१७ ऑगस्ट

पुण्याला कामाला गेले होते, तशीच रविवार पेठेत बोहरी आळीत डोकावले. फेल्ट तिथे दोन तऱ्हेचं मिळतं, कडक आणि नरम. कडक फेल्टला खळ असते, ते तोरणं आणि मुकुटांना ठीक. तोंडात जाणाऱ्या वस्तूला नरमच. हे सगळं पॉलिस्टरचं किंवा अ‍ॅक्रिलिकचं, काटेरी सुयांनी टोचून टोचून घट्ट केलेलं. लोकरीचं फेल्ट महाग आणि सहज मिळतही नाही.

घेताना ताव दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरायचा. मधूनच विरळ दिसला तर नको. अंगठ्याने खसाखसा घासायचा. लगेच गोळे आले तर चार दिवसांत ते गोळे पोरीच्या तोंडात जाणार.

खर्च: ए-फोर आकाराचे लाल ताव, एकेक पंधरा रुपयांना; काळं फेल्ट मीटरवर; पाव किलो रेक्रॉन, म्हणजे आत भरायचा पॉलिस्टरचा कापूस, ऐंशी रुपये; पाऊण इंची व्हेलक्रो, रुंद इलॅस्टिक, पॉलिस्टरचा जाड दोरा. सगळं मिळून पाचशेच्या आत बसलं. दुकानात हलणारे डोळे, मणी, बटणं, टिकल्या खूप होत्या. त्यातलं काही घेतलं नाही. गरम डिंकाची पिस्तूलही नको. तो डिंक ओढल्या-चावल्यावर सुटू शकतो आणि त्याचा कडक तुकडा होतो.

घरी आल्यावर रंगाची परीक्षा. लाल फेल्टचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती रुमालात गुंडाळून रात्रभर ठेवला. एका तावाने रुमाल गुलाबी केला, तो भिंतीवरच्या कामासाठी बाजूला. दुसऱ्या दुकानातल्या तावाने काही सोडलं नाही. तोच वापरणार.

१९ ऑगस्ट

राखी पौर्णिमा. माझ्या मुलाच्या मनगटावर सोनेरी टिकलीची राखी होती. तो जेवताना हात हलवत होता आणि भाची त्याच्या उजव्या बाजूला आईच्या मांडीवर. हात हलला की तिची मान वळत होती. बहिणीने मला कोपराने ढोसलं, बोलली नाही, कारण आवाज झाला की हिचं बघणं थांबतं.

सोनेरी कापडाची बोटभर रुंद पट्टी खेळण्याच्या एकाच बाजूला लावायची, असं ठरलं. दुसरी बाजू कोरी लाल. फिरवलं की चमकेल, थांबवलं की शांत. सुटी टिकली मात्र एकही नाही.

२४ ऑगस्ट

पहिलं खेळणं पूर्ण. लाल गोल, नऊ सेंटिमीटर व्यासाचा, थोडा चपटा. कृती सविस्तर लिहिते, कारण बहिणीला आणि मॅडमना दोघींना हवी आहे.

दोन गोल कापले. सोनेरी पट्टी आधी एका गोलावर चारही बाजूंनी उलट टिपेने शिवून टाकली, नंतर ती जागा हाताला येत नाही. कुरकुर आवाजासाठी वेफर्सचं रिकामं पाकीट साबणाने धुऊन, पुसून, त्याचे दोन थर फेल्टच्या तेवढ्याच गोलात आडव्या-उभ्या धावदोऱ्याने पक्के केले. नुसतं आत सरकवलं की दोन धुण्यांत त्याचा बोळा होतो. मग कड काजटाक्याने, दोरा दुहेरी, टाका तीन मिलिमीटर खोल आणि दोन टाक्यांत चार मिलिमीटर अंतर. टाका याहून जवळ घेतला तर सुईची भोकं एका ओळीत येऊन फेल्ट तिकिटासारखं फाटतं, लांब घेतला तर रेक्रॉन डोकावतं. दोन बोटं जातील एवढी फट ठेवून भरलं. रेक्रॉन पिंजून चिमूट चिमूट, पेन्सिलीच्या बोथट बाजूने कडेकडेला आधी. पोटात निम्मंच भरलं. गच्च भरलेलं खेळणं आवळलेल्या मुठीत शिरत नाही. शेवटच्या टाक्यावर तीन वेळा उलट टीप, गाठ आत, दोऱ्याचं शेपूट पोटातून आरपार नेऊन कापलं.

तिची आजी म्हणाली, “अगं, डोळे-नाक तरी काढ. मुकं दिसतंय.” तिचं म्हणणं मायेचं होतं. मी त्यांना घोंगडीवर दोन गोल ठेवून दाखवले, एक कोरा आणि एकावर खडूने चेहरा काढलेला, आणि पोरीची मान कुठे वळते ते बघायला सांगितलं. कोऱ्याकडे वळली. “मग राहू दे बाई,” आजी म्हणाल्या.

मजबुतीसाठी: पाच लिटरचा पाण्याने भरलेला कॅन शिवणीला अडकवून टांगून ठेवला. शिवण ढळली नाही. आणि पुठ्ठ्याची ३२ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी करून ठेवली आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी लहान तुकड्याची जी चाचणी असते, तिच्यातलं नळकांडं ३१.७ मिलिमीटरचं असतं. जो तुकडा त्यात पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो. भाची चारची असली तरी वस्तू तोंडात घालण्याची सवय वर्षाच्या बाळाची आहे, तेव्हा माप तेच. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून बाजारातल्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. घरात शिवलेल्याला कोणी विचारत नाही, म्हणून तपासायचं काम आपल्याच माथी.

१ सप्टेंबर

आज बहिणीकडे दिवसभर. खोलीत फुलाफुलांची चादर होती ती काढली, भिंतीला आजोबांची माणदेशी घोंगडी लावली. मेंढीच्या लोकरीचा तो काळा रंग उजेड गिळून टाकतो. काळं फेल्टही चालतं, पण घोंगडी घरात होती आणि पूर्ण भिंत झाकते. टीव्ही बंद, पंखा बंद, मोबाइल बाहेर.

लाल गोल उजवीकडून आणला, दीड फुटावर, किंचित हलवला आणि थांबवला. काही नाही. मी तशीच धरून बसले. हात भरून आला. मग तिचं श्वास घेणं बदललं, डोळे गोलावर आले आणि टिकले. लगेच तिने मान पार डावीकडे फिरवली. बहिणीच्या जाऊबाई दारात उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, “नाही आवडलं तिला.” मी हात हलवला नाही, कारण मॅडमनी हे बजावून सांगितलं होतं. आणि मान तिकडे असतानाच तिचा डावा हात सुटला, हवेत थरथरला, गोलावर येऊन आपटला. कुरकुर आवाज झाला. ती हसली.

अशा मुलांना बघणं आणि हात लांबवणं ही दोन्ही कामं एकदम जमत नाहीत. आधी बघून ठेवायचं, नजर काढायची, मग हात पाठवायचा. मान वळवली की आपण खेळणं उचलून घेतो आणि नेमकं तेव्हाच तिचा हात निघालेला असतो. किती जणांनी, किती वेळा तिच्यापुढून वस्तू अशा काढून घेतल्या असतील, या विचाराने आज रात्री झोप लागेना, म्हणून ही नोंद लगेच लिहून ठेवतेय.

१५ सप्टेंबर

गौरी-गणपतीत काम बंद. घरात रोषणाई, आरत्या, टाळ, पाहुणे. भाची एकतर दिव्यांच्या माळेकडे टक लावून होती किंवा डोळे मिटून. दिव्याकडे असं खिळून राहणं हेही त्या दहा लक्षणांतलं एक. मॅडम म्हणाल्या, गौरी जेवून गेल्या की दोन दिवस फक्त जुनाच गोल द्या, नवं काही नको.

नवं न करणं हेही या कामात करावं लागतं. मला रोज रात्री काहीतरी वेगळं सुचतं, पिवळं केळं, ससा, रेल्वे. वहीत लिहून ठेवते आणि लाल गोलच दुसरा शिवते, अगदी तसाच, म्हणजे एक धुण्यात असला तरी तिच्यापुढे ओळखीचा गोल राहील.

६ ऑक्टोबर

आता पकड. गोलावर हात आपटते, पण धरून ठेवता येत नाही. मूठ आवळलेली, अंगठा आत. बोटांच्या टोकांना धरून मूठ उघडायची नाही, त्याने ती आणखी आवळते. मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवलं आणि हाताच्या पाठीवरून बोट फिरवलं की बोटं आपसूक सैल होतात. तेवढ्या क्षणात मुठीत काय सरकवायचं, ते आज केलं.

लाल फेल्टची लांब पट्टी गुंडाळून पोळीच्या लाटीइतकी मऊ वळी केली, जाडी अडीच सेंटिमीटर, लांबी तिच्या तळहातापेक्षा दोन्हीकडे एकेक बोट जास्त. सरकवायला दोन्ही टोकं किंचित निमुळती. वळीला एक पट्टा शिवला, जो हाताच्या पाठीवरून येऊन व्हेलक्रोने लागतो. व्हेलक्रोची मऊ बाजू कातडीकडे, काटेरी बाजू बाहेरच्या अंगाला आणि तीही कडेपासून आत, म्हणजे ओरखडा येत नाही. पट्ट्याखालून माझी दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बोटांचा रंग बघत राहायचा. पट्टा बांधून कधीही एकटं सोडायचं नाही.

वळीच्या एका टोकाला लाल गोल, मधली दोरी जेमतेम चार बोटांची. लांब दोरी मानेभोवती जाऊ शकते, म्हणून आखूडच. हात हलला की गोल हलतो, चमकतो, कुरकुरतो. पहिल्यांदाच तिने आपल्या हाताने काहीतरी घडवून आणलं, आणि पुन्हा घडवलं, आणि पुन्हा. बहीण बाजूला बसून रडली आणि मग आम्ही चहा केला.

२० ऑक्टोबर

स्पर्शासाठी वेगळं फेल्ट हवं होतं. सातारा जिल्ह्यात फौजी घरं पुष्कळ, अपशिंगे गावाला तर अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. आमच्या काकांनीही फौजेत नोकरी केली. त्यांची जुनी हिरवट जर्सी कपाटात पडून होती, कोपरांना विरलेली. काकूंनी दिली.

खरी लोकर आहे का ते आधी बघायचं. आतल्या शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून दिव्यावर नेला. केस जळल्याचा वास आला, ज्योत काढताच विझला, राख बोटांत चुरून काळी भुकटी झाली. अ‍ॅक्रिलिक असतं तर वितळून कडक मणी झाला असता. मणी झाला तर पुढची खटपट करू नये, ती जर्सी कितीही उकळली तरी फेल्ट होत नाही.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्याने ते उचलले जातात, साबणाने तंतू सरकतात, रगडल्याने एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. म्हणून स्वेटर गरम पाण्यात धुतलं की आटतं. इथे तेच मुद्दाम करायचं. बाह्या उसवून वेगळ्या केल्या, हाताला जेमतेम सोसेल इतक्या गरम पाण्यात साबण टाकून कपडे धुण्याच्या दगडावर रगडल्या, मध्येच गार पाणी, पुन्हा गरम. मध्ये मध्ये ताणून बघायचं: विणीची घरं दिसेनाशी झाली आणि कात्रीने कापल्यावर कड उसवली नाही की झालं. बाही जवळजवळ दोनतृतीयांश उरली, पण बोटाला जाड आणि उबदार लागते. बाजारच्या तावाला ती ऊब कधीच येणार नाही.

याची हिरवी पट्टी वळीच्या तळहाताकडच्या बाजूला लावली. तिकडे रंग दिसायची गरज नाही, हाताला कळलं पाहिजे. आधी तिच्या दंडाला तुकडा घासून अर्धा दिवस वाट बघितली, लोकरीने काहींना खाज सुटते. हिला काही झालं नाही.

१० नोव्हेंबर

दिवाळी झाली. खेळण्यांची निगा लिहून ठेवते.

लाळेने रोज भिजतात. गार पाणी, सौम्य साबण, दाबून पाणी काढायचं, पीळ द्यायचा नाही. सावलीत वाळवायचं, पॉलिस्टर असल्याने इस्त्री अजिबात नाही. आतून ओलसर राहिलं तर कुबट वास येतो. त्यासाठी एका बाजूची शिवण दोन इंच उसवून रेक्रॉन काढून वेगळं वाळवायचं आणि पुन्हा शिवायचं. काहींनी सुचवलं होतं की बाजरी, तांदूळ भरा, छान वजन येतं. तोंडात जाणाऱ्या खेळण्यात धान्य ओलं होऊन बुरशी धरतं, पोरकिडे होतात. मांडीवर ठेवायच्या उशीला चालेल, तेही आतली पिशवी काढता येईल अशी, आणि वजन किती ते थेरपिस्टना विचारूनच.

दर रविवारी बहीण प्रत्येक शिवण बोटाने ओढून बघते. फेल्टवर गोळे आले की कात्रीने भादरते. जिथे दात लागतात तिथे फेल्ट विरत आलं की ठिगळ लावायचं नाही, खेळणं बाद करून तस्संच नवं द्यायचं. पंधरा रुपयांचा ताव आहे, जीव नको लावायला.

१ डिसेंबर

गेल्या महिनाभरातलं सगळ्यात उपयोगाचं काम खेळण्याचं नाहीच. मॅडमनी विचारलं, “तुमच्या लाल फेल्टचा पट्टा तिच्या पेल्याला बसेल का?” स्टीलचा पेला तिच्यापुढे आणला की ती दचकते. आरशासारखी चकाकणारी वस्तू अचानक ओठांना लागते, तिच्या बाजूने ती कुठूनही येत नाही.

पेल्याला लाल फेल्टचं अंगडं शिवलं, खाली इलॅस्टिक, वरची कड मोकळी म्हणजे ओठाला फेल्ट लागत नाही. चमच्याच्या दांड्यालाही तशीच लाल वळी. आणि बहिणीने रीत ठरवली: पेला उजवीकडून, घोंगडीपुढून, हलवून, थांबून. तिची नजर येईपर्यंत पाजायचं नाही.

आज दुपारी पेजेचा पेला आला तेव्हा ती दचकली नाही. नजर आली, मान वळली आणि मान तिकडेच ठेवून तिने तोंड उघडलं. आजींनी हे बघितलं. आता त्या स्वतः धुतलेलं अंगडं चढवल्याशिवाय पेला स्वयंपाकघरातून बाहेर नेऊ देत नाहीत.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. बहिणीने काळी साडी नेसली होती, बिनबुट्ट्यांची. भाची मांडीवर, पुढ्यात लाल गोल. मॅडमना फोटो पाठवला तर त्यांचं उत्तर आलं, थेरपीच्या दिवशी रोजच असं काळं काहीतरी घालत जा, नक्षीची साडी म्हणजे तिच्यासाठी गर्दीच. बहिणीने काळ्या कापडाचे दोन साधे एप्रन सांगितलेत, ते उद्या बेतते.

थेरपीला येणाऱ्या दुसऱ्या एका मुलाची आई हळदीकुंकवाला आली होती. तिला हे सगळं बघून “मलाही असाच एक सेट द्या” म्हणावंसं वाटलं, ते साहजिक आहे. पण त्याला लाल दिसतच नाही म्हणे, पिवळ्याकडे वळतो. उजवा हात चालतो. नजर डावीकडून येते. वस्तू तोंडात घालत नाही, पण फेकतो, जोरात. त्याच्या तळहाताचा कागदावर ठसा घेतला, मुठीची जाडी दोऱ्याने मोजली. कुरकुर आवाज त्याला सोसत नाही, म्हणून पाकीट नाही. फेकायचं आहे तर गोल जरा जड आणि सुटा, पट्टा नको.

फेल्ट पिवळं, नरम, चार ताव. शनिवारी पुण्याला जाणं आहे, तेव्हा घेऊन येईन. दोन दुकानांतलं, रंगाच्या परीक्षेसाठी.